जनका फोनवर येत नाही

मु. पो. पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
रविवार, १२ सप्टेंबर २००४

चि. सौ. राधिका हिस ज्ञानबाचा आशीर्वाद.

सासऱ्याचं पत्र सुनेच्या नावानं आलं म्हणून दचकू नकोस. इकडं सगळे जिवंत आहेत. तुझी सासू ठणठणीत आहे, आत्ताच माझ्याशी भांडून शेळीला पाला टाकायला गेली. पत्र खरं तर हनुमानच्या नावानं लिहायचं. पण माझा मुलगा पत्र पुरतं वाचत नाही, हे तो नांदेडला इंजिनिअरिंगला होता तेव्हापासून मला ठाऊक आहे. खालची सही बघतो आणि ठेवून देतो. तू हिंगोलीच्या मास्तरांची मुलगी, तू वाचशील. माझी सातवी झालेली आहे, तेव्हा लिहिताना शाळेतलं लिहितो. बोलणं आपलं आहे तेच आहे, ते तू दोन महिने ऐकलंस.

हॉलंडातून परत येऊन आज आम्हाला सात आठवडे झाले. तीन महिन्यांसाठी गेलेली माणसं दोन महिन्यांत परत कशी, असं गावानं विचारलं. मी सांगितलं, थंडी सोसवेना. जुलैत कसली थंडी, असं कोणी उलटून विचारलं नाही, कारण हॉलंड कुठल्या दिशेला आहे हेच कोणाला माहीत नाही. फक्त फोनवाला शंकरसिंग म्हणाला, "काय ज्ञानबा, सुनेनं तकलीफ दिली का?" मी त्याला तिथल्या तिथं झापलं. सुनेनं तकलीफ दिली असं माझ्या तोंडून कोणी ऐकणार नाही.

तू आमचं जे केलंस ते मी विसरलेलो नाही. ज्वारीचं पीठ मिळावं म्हणून लहान्याला पाठीला बांधून तू आगगाडीनं तासभर लांब जायचीस. तुझ्या सासूला जाड पायमोजे आणलेस, ते ती अजून रोज सकाळी घालते आणि त्यावर वहाणा चढवते. आणि पलंगाची गोष्ट मी इथं सगळ्यांना सांगतो. तुम्ही आम्हाला तुमचा पलंग दिला आणि चौघं बाहेरच्या खोलीत खाली झोपलात. आम्हाला त्या गादीवर बुडाल्यासारखं व्हायचं, म्हणून आम्हीही दार लावून खालीच झोपायचो, तुला वाईट वाटू नये म्हणून सकाळी चादर विस्कटून ठेवायचो. आठ दिवसांनी तुझ्या लेकीनं, जनकानं, हे गुपित फोडलं. पलंग रिकामा आणि घरातली सहाही माणसं जमिनीवर! किती हसली होतीस तू त्या दिवशी.

आता मुद्द्याचं. दर रविवारी चार वाजता आम्ही दोघं शंकरसिंगाच्या बूथवर जाऊन बसतो. हनुमानचा फोन येतो. तो बोलतो, लहाना काहीतरी चिवचिवतो. जनका येत नाही. विचारलं की हनुमान म्हणतो, झोपली आहे. अगं, चार म्हणजे तुमच्याकडं साडेबारा. भर दिवसा पाच वर्षांचं कोणतं लेकरू झोपतं? पुढच्या वेळी म्हणतो, अंघोळ करते आहे. सात रविवार पोरगी अंघोळच करते आहे.

मला वाटतं, तू तिला येऊ देत नाहीस. तसं असेल तर सरळ सांग. त्या दिवशी काय झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. झालं ते झालं. लेकरू सुखरूप घरी आलं. "मामा, यापुढं तुमच्या भरवशावर मी लेकरू सोडणार नाही," असं तू म्हणालीस, मी तिकीट अलीकडं घ्यायला लावलं, फिटलं. पण फोनवर दोन शब्द बोलायला भरवसा कशाला पाहिजे?

माझ्या आईचं नाव तिला दिलंत तुम्ही. घरात जनका म्हणून हाक मारायला मला तीच एक आहे. तिचा आवाज ऐकला नाही की माझा आठवडा नीट जात नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ज्ञानबा


पुसेगाव
मंगळवार, ९ नोव्हेंबर २००४

चि. सौ. राधिकास आशीर्वाद.

तुझं पत्र दसऱ्याला मिळालं. चारच ओळी. "मी तिला अडवत नाही. दर रविवारी विचारते, आबांशी बोलतेस का. ती मान हलवून नाही म्हणते. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं, त्या म्हणाल्या मुलगी काही विचारलं की मला माहीत नाही एवढंच उत्तर देते. बाकी सगळे ठीक."

मी तुझ्यावर नाहक आळ घेतला. माफ कर असं लिहिणार होतो, पण सासऱ्यानं सुनेला तसं लिहिण्याची आपल्यात रीत नाही, तेव्हा समजून घे.

पण ते 'मला माहीत नाही' मला सोडत नाही. ती पोरगी अशी नव्हती. मी दिसलो की तिची टकळी सुरू व्हायची. हे काय, याला तिकडं काय म्हणतात, आबा तुम्ही पुन्हा चुकीचं म्हणालात. मला तिनं तिकडचे आकडे शिकवले होते, एन, त्वे, द्री. संध्याकाळी मेंढरं मोजताना मी अजून तसेच मोजतो आणि अकराच्या पुढं अडतो, कारण बारा शिकायच्या आधीच आम्ही निघालो.

मेंढरांवरून आठवलं, ते लिहूनच टाकतो. तुमच्या घरामागं तो कालवा आहे, त्याच्या बांधावर मेंढ्या चरायच्या. असल्या मेंढ्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या. ही एवढाली अंगं, ढीगभर लोकर, आणि राखायला एक माणूस नाही! पहिल्या दिवशी मी तासभर उभा राहिलो, म्हटलं मेंढका कुठंतरी सावलीला पडला असेल, येईल. कोणी आलं नाही. जनका म्हणाली, "आबा, त्यांना कुणीच नसतं. त्या एकट्याच असतात." मला ते फार लागलं. तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवसापासून मी रोज सकाळी जनकाला घेऊन त्यांच्याकडं चक्कर मारायचो, कोणी लंगडते का, कोणाचं पोट फुगलं का, ते बघायला. कोणाच्या का असेनात, मेंढ्या त्या मेंढ्या.

त्या दिवशी मी तुला आणि त्या पोलीस बाईला सांगितलं की मी बागेत बाकावर बसलो होतो आणि जनका खेळता खेळता नजर चुकवून पळाली. ते तितकंसं खरं नाही. मी बाकावर नव्हतो. मी मेंढ्यांच्या कुंपणाच्या आत होतो. एक मेंढी उताणी पडली होती, चारी पाय वर. अंगानं जाडजूड आणि वर ओल्या लोकरीचं ओझं, तिला स्वतःहून उलटता येत नव्हतं. अशी मेंढी तशीच राहिली तर पोट फुगून घटकाभरात मरते. मी तार ओलांडली, तिला कुशीवर घेतलं, पायावर उभी केली आणि ती सावरेपर्यंत धरून ठेवली. त्यात किती वेळ गेला मला सांगता येत नाही. वर बघितलं तेव्हा रस्त्यावर जनका नव्हती.

म्हणजे मेंढीच्या नादात मी नातीला विसरलो. हे मला तेव्हा तुझ्यासमोर म्हणवलं नाही. दारात दोन पोलीस, तू पांढरीफटक पडलेली, लहाना रडतो आहे. खाकी नव्हती त्यांच्या अंगावर, पण पोलीस तो पोलीस. माझ्या तोंडून बाक निघून गेला.

हे लिहून मन जरा हलकं झालं. शुक्रवारी लक्ष्मीपूजन आहे. पाडव्याला मेंढरांना ओवाळू तेव्हा जनकाच्या नावानं एक कोकरू ओवाळायला तुझ्या सासूला सांगितलं आहे. तिला फोनवर बोलायची सक्ती करू नकोस. फक्त फोन तिच्या कानाजवळ धर, मीच बोलेन.

ज्ञानबा


पुसेगाव
मंगळवार, १८ जानेवारी २००५

राधिका,

गेल्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं. आता उरलेलं लिहितो. हे पत्र आधी तू वाच, मग हनुमानला वाचायला लाव, सहीपर्यंत पूर्ण.

परवाच्या रविवारी फोनवर हनुमान हसत हसत म्हणाला, "आबा, जनका आता लय शहाणी झाली. काही सांगायच्या आधी विचारते, पप्पा, सांगू का, तुम्ही रागावणार नाही ना?" त्याला त्याचं कौतुक वाटत होतं. तुझी सासू कान लावून ऐकत होती. फोन ठेवला, आम्ही वाटेला लागलो, आमच्या वाडीच्या अलीकडं ती बांधावर बसली ती उठेचना. मला म्हणाली,

"खरं सांगा. लेकरू पळालं व्हतं का तुमी सोडलं व्हतं?"

मी म्हटलं, "काहून विचारून राहिली आता?"

"सोडलं व्हतं का न्हाई, तेवढं बोला."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मातीचं एक ढेकूळ उचलून बांधाखाली फेकलं. मग म्हणाली, "लेकरू खरं सांगून राहिलं व्हतं अन् तुमी तोंड शिवून बसले. तुमी माह्या लेकराला खोटं पाडलं." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, ताट सरकवते, आणि तोंड फिरवून बसते. चाळीस वर्षांत आमची भांडणं खूप झाली, पण ती गप्प कधी बसली नव्हती.

तू मास्तरांच्या घरातली, तुला आमच्या घरातली ही रीत माहीत नसेल. आमच्यात कोकरं लहान असली की दिवसभर घरी डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, ठेवतात, आया रानात जातात. संध्याकाळी कळप आला की डालगं उचलायचं. शंभर मेंढ्यांच्या गर्दीत प्रत्येक कोकरू धावत आपल्या आईकडं जातं. जे चुकतं, त्याच्याकडं मेंढका जास्त लक्ष देतो. माझ्या बापाची समजूत होती की माणसाच्या लेकराचंही तसंच बघायचं. पाच वर्षं पुरी झाली की त्यानं मला कयाधू नदीच्या पल्याड नेलं, हात सोडला, म्हणाला, जा घरी. तो मागून लांबून येत होता, मला दिसू न देता. मी घरी पोचलो. आईनं गूळ दिला. पुढं मी हनुमानलाही नरसीच्या रस्त्याला असंच सोडलं होतं. पोरगं दुपारपर्यंत घरी आलं, खिशात बोरं भरून. त्याला विचार. ही गोष्ट कोणी विसरत नाही.

जूनमध्ये जनकाला पाच वर्षं पुरी झाली. आमचे निघायचे दिवस जवळ येत होते. माझ्या मनात एकच घोळत होतं. या परक्या मुलखात, जिथं मेंढरांनासुद्धा राखणारा नाही, माझ्या नातीला तिचं घर सापडेल का? एकदा बघून घेतलं असतं म्हणजे मी निवांत परत आलो असतो. तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. आणि तू नाही म्हणाली असतीस ते बरोबरच, त्या गावात दर वळणावर पाणी आहे.

कालव्याच्या पुलाजवळ मी तिचा हात सोडला. म्हणालो, "जनका, आता तू पुढं जा. घर सापडतं का बघ. मी मागून येतो." तिनं मला विचारलं, "खरंच येणार ना मागून?" मी म्हटलं, "येतो ना." पोरगी खुशीत निघाली. दोनदा वळून बघितलं तिनं, मी हात हलवला. मग मला ती उताणी मेंढी दिसली.

मागून येतो म्हणालो आणि गेलो नाही. माझा बाप माझ्या मागं होता. मी हनुमानच्या मागं होतो. तिच्या मागं कोणी नव्हतं.

दोन तासांनी पोलिसांच्या गाडीतून ती आली. कोणा बाईला ती दुसऱ्याच पुलावर बसलेली सापडली होती. पुढचं तुला माहीत आहे, पण मी लिहितो, कारण तू त्या वेळी माझ्याकडं बघत नव्हतीस, तू तिला कवटाळून बसली होतीस. जनका म्हणाली, "आबांनीच सांगितलं, एकटी जा. आबा मागून येणार होते." हनुमाननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "न्हाई बा. मी बाकावर बसलो व्हतो. खेळता खेळता पळाली." तो तिच्यावर ओरडला, "स्वतः पळायचं आणि आबांवर ढकलायचं? आबा खोटं बोलतात का?" ती रडत रडत तेच तेच सांगत राहिली. तूही म्हणालीस, "जनका, खोटं नको बोलूस." मग हनुमाननं तिला माझ्यासमोर उभं केलं, हात जोडायला लावले. ती म्हणाली, "सॉरी आबा."

आणि मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या, लेकरूच हाय."

राधिका, मी आयुष्यात खोटं काही पहिल्यांदा बोललो नाही. बाजारात बोललो, तलाठ्यासमोर बोललो. पण त्या 'जाऊ द्या' ची मला जेवढी शरम वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं होतं की बाप ओरडला, आई ओरडली, पण आबाला तर माहीत आहे, आबा आता सांगेल. आबानं तिला माफ केलं!

हनुमानला तरी कळायला पाहिजे होतं. तो स्वतः नरसीच्या रस्त्यावरून चालत आला आहे. कदाचित कळलंही असेल, आणि बापाला पोलिसांसमोर खोटं पाडण्यापेक्षा पोरीला पाडणं त्याला सोपं गेलं असेल. हे मी त्याच्यावर ढकलत नाही. माझं ते माझं आहे.

ती फोनवर का येत नाही ते मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. तुझ्यावर आळ घेतला तो त्यासाठीच. आता एवढंच कर. तिला जवळ बसव आणि सांग, तू खरं बोलत होतीस, आबा खोटं बोलले. 'सांगू का, रागावणार नाही ना,' असं तिला पुन्हा कधी विचारायला लागू नये. आम्हाला परत बोलवू नका, मला फोन नको, काही नको. पण हे तिला सांग.

ज्ञानबा


पुसेगाव
सोमवार, १४ फेब्रुवारी २००५

राधिका,

दोन रविवार फोन आला नाही. पत्र मिळालं असेल असं धरून चालतो.

आम्ही चारला जाऊन बसतो आणि शंकरसिंग सहाला उठवतो. काल त्यानं न मागता चहा दिला. "ज्ञानबा, लाइन खराब असंल," म्हणाला. लाइन खराब नव्हती, आमच्यासमोर तीन माणसं पुण्या-मुंबईला बोलून गेली. पण त्याचं मन राखायला मी व्हय म्हटलं.

तुझी सासू बोलायला लागली आहे. एवढंच विचारते, "आला का?" तीही माझ्या शेजारीच बसलेली असते, तरी विचारते.

तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे, धर तो राग. मी घाई करत नाही. पण तू तिला सांगितलंस का, हे कळल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. मेंढरं कनेरगाव नाक्याच्या बाजूला खतासाठी शेतात बसवायला न्यायची होती, यंदा दुसऱ्याबरोबर पाठवली. रविवार चुकेल म्हणून.

घरात मी तिचा एक फोटो लावला आहे, तुम्ही दिलेला, त्या पिवळ्या सायकलवरचा. फोटोत ती कॅमेऱ्याच्या बाजूला बघते आहे. त्या वेळी बाजूला मी उभा होतो. हे मला कोणी विचारत नाही तरी मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. फार आठवण येते तिची. तुझीही येते. लहान्याला मी आता ओळखूही येणार नाही.

ज्ञानबा


पुसेगाव
सोमवार, ७ मार्च २००५

राधिका,

कालच बोललो आणि आज पत्र कशाला असं वाटेल. पण फोन मध्येच कटला, आणि जे विचारायचं ते राहिलं. शंकरसिंगाकडून उलटा फोन लावला, तर तुमच्याकडं कोणी उचलेना.

काल घंटी वाजली आणि तुझा आवाज आला, तेव्हा मी उभाच राहिलो. सात-आठ महिन्यांनी तू मामा म्हणालीस. "मामा, पत्र मिळालं. मी महिनाभर ते कपाटात ठेवून दिलं होतं. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुमचं तुम्ही सांगा." मला वाटलं होतं, सांगायचं काम तुझ्यावर टाकून मी सुटलो. तू काही मला सोडलं नाहीस. चांगलं केलंस.

मग तू फोन तिच्या कानाला लावलास, नुसता श्वास ऐकू येत होता. तुझी सासू त्या काचेच्या खोक्यात माझ्याबरोबर घुसली होती, दार बंद होत नव्हतं, बाहेर बोलायला आलेली माणसं रांगेत उभी. मी म्हणालो, "जनका, मी आबा."

मी पुढं बोललो.

"त्या दिवशी मीच तुला म्हणालो व्हतो, एकटी जा. मी मागून येतो म्हणालो अन् आलो न्हाई. तू घरी येऊन खरं सांगितलं. मी खोटं बोललो."

ती म्हणाली, "हो."

नुसतं हो. माहीत असलेली गोष्ट कोणी उशिरा सांगितली तर म्हणावं तसं. मग म्हणाली, "मला सॉरी म्हणायला लावलं."

"व्हय."

"मग तुम्ही म्हणा."

राधिका, माझं वय आता सदुसष्ट. बापाला, भावाला, बायकोला, कोणालाही मी हा शब्द म्हटलेला नाही, कोणत्याच भाषेत. तुझ्या सासूनं माझ्या दंडाला धरलं. मी म्हणालो, "सॉरी, जनका."

"मोठ्यानं म्हणा. पप्पांना ऐकू गेलं नाही."

मी मोठ्यानं म्हणालो. रानात कळपाला हाळी देतात तेवढ्या मोठ्यानं. "सॉरी जनका! तू खरी, मी खोटा!" शंकरसिंगानं पेन खाली ठेवलं. रांगेतली माणसं बोलायची थांबली. हळदीचं पोतं उचलून चाललेला एक जण जागीच थबकला. उद्या महाशिवरात्र, औंढ्याला जाणाऱ्यांची गाडी समोर थांबली होती, तीतली माणसं वाकून बघत होती. बघू द्या.

मग फोन तिच्या कानापासून बाजूला गेला. तिचा आवाज लांबून आला, पण स्पष्ट आला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"ऐकलं? आता तुम्ही म्हणा. दोघं."

आणि फोन कटला. मी रिसीव्हर तसाच कानाला धरून उभा. तुझी सासू विचारून राहिली, "काय म्हणलं लेकरू? मला न्हाई का काही म्हणलं?" शंकरसिंग म्हणाला, "ज्ञानबा, कटला. ठेवा आता."

पुढं तुमच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. तुम्ही दोघं तिला सॉरी म्हणालात का? म्हणाला असाल तर मला कळवायची गरज नाही. म्हणाला नसाल तर हे पत्र हातात आहे तोवरच तिला हाक मार, हनुमानला समोर बसव. तो म्हणेल, आबांनी म्हटलं तेवढं पुरे. पुरे नाही. मी इथं सात समुद्रांच्या अल्याड आहे, आठवड्यातून एकदा फोनवर येणार. ती पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही तेही मी विचारलं नाही. माझ्याशिवाय तिचं भागेल, राधिका. तुमच्याशिवाय भागणार नाही.

ज्ञानबा